आजीकुलूप

आमच्या गल्लीत सकाळ उजाडते ती कुलपांच्या आवाजाने.

आधी पहिली बस वळणावर हॉर्न देते. मग घराघरांतून डब्यांची झाकणं वाजतात, ‘माझा मोजा कुणी घेतला’ म्हणून बोंब उठते, नवरा-बायको उशिराचं खापर एकमेकांवर फोडतात आणि एकामागून एक दारं ओढली जातात. खट्. खट्. खट्. बस निघून गेली की गाव असं गप्प होतं, की शेजारच्या घरातला नळ टपकतोय तेसुद्धा ऐकू यावं.

त्या शांततेला मी अजून सरावले नाही. ती रिकाम्या घराची शांतता नव्हे. कुणीतरी तोंडावर हात दाबून धरला की माणूस जसं गप्प होतं, तशी ती आहे.

कारण घरं रिकामी नसतातच. दुपारी गल्लीतून चालत जा, खिडकीखिडकीत चेहरा दिसेल. गज धरलेले हात दिसतील. कुणाचे वडील, कुणाची विधवा आत्या, कुणाची आई. तुम्हाला पाहून ती हसतील, कारण दिवसभरात तेवढंच माणूस दिसलेलं असतं. दाराकडे बघाल तर बाहेरून कुलूप, आणि किल्ली बसमध्ये. अख्ख्या गावाच्या किल्ल्या रोज सकाळी शहरात जातात आणि अंधार पडल्यावर परत येतात.

मला गाव मोठी काकू म्हणतं, तोंडावर. पाठीमागे काय म्हणतं तेही ठाऊक आहे, आणि ते अगदीच खोटं नाही. शाळेशी माझं कधी पटलं नाही, गायींशी पटलं. तेव्हा मी जे सांगणार आहे ते शहाण्यासारखं नसेल, पण डोळ्यांनी बघितलेलं आहे.

आमचं गाव काही शहराकडे चालत गेलं नाही. शहरही जागचं हललं नाही. रस्ता मात्र आला. रस्त्यामागून प्लॉट आले, प्लॉटवर इमारती आल्या. माझ्या गायी जिथं चरायच्या तिथं आता बाल्कन्यांत कपडे वाळतात. गावाच्या मधोमध तळं होतं. ते ढिगारा टाकून बुजवलं, वर डांबर ओतलं आणि बसचा थांबा केला. ढिगाऱ्याच्या गाड्या रिकाम्या होत होत्या तेव्हा आमच्याच लोकांनी उभं राहून टाळ्या पिटल्या. रस्त्यावर दरवेळी नवा थर चढत गेला. तो वर आला तशी जुनी घरं खाली गेली. आता आमच्या गल्लीत घरात शिरायचं म्हणजे खड्ड्यात उतरायचं. माझं घर आणि गोठा तेवढा उंचवट्यावर राहिला. गायी ओल्यात बसू नयेत म्हणून सासऱ्यांनी जोतं चढवून घेतलं होतं. माणसांसाठी एवढा विचार कोण करतो?

कुलपांचंही पहिल्यापासून असं नव्हतं. माझ्या सासूच्या काळी दाराला नुसती कडी असायची, तीही कुत्रं आत शिरू नये म्हणून. वळणावरच्या इमारतीत पहिल्यांदा एकाने आईला आत ठेवून बाहेरून कुलूप लावलं, तेव्हा आमच्या बायकांनी तोंडात बोटं घातली. पुढे त्याच बायका हार्डवेअरच्या दुकानात उभ्या. दुकानदाराने मग खास मालच मागवला. दार ओढलं की आपोआप बसणारं, आतून उघडायची सोयच नसलेलं, कशानेही कापलं न जाणारं कुलूप. कुणीतरी चेष्टेत त्याला आजीकुलूप म्हटलं, आणि तेच नाव पडलं. ‘एक आजीकुलूप द्या हो, मजबूत बघून.’ मागणाऱ्याला काही वाटत नाही, देणाऱ्यालाही नाही. लाडाचं नाव ठेवलं ना, की लाज वाटायची थांबते.

माझ्या भिंतीला भिंत लागून सुईणीचं घर. गावातली अर्धी माणसं तिच्या हातावर जन्मली. माझी पोरंही तिनेच सोडवली. थोरल्याच्या वेळी मी तिला ज्या शिव्या घातल्या, त्या ती पुढे चारचौघांत मला ऐकवायची, एकही न गाळता. तिच्या दाराला कडीसुद्धा नसायची. कुणीही कधीही येऊन दारावर थाप मारावी. दुसरी थाप पडायच्या आत ‘आले, आले’ म्हणत ती वाकून चपला शोधत असायची.

नवरा लवकर गेला. मुलगा एकच, छोटू. नावालाच छोटू. आता पन्नाशीला टेकलाय आणि पोट त्याच्याआधी दारातून आत शिरतं. तो आणि त्याची बायको, दोघंही पहिल्या बसची माणसं. वाईट नाहीत. हे आधीच सांगून ठेवते, कारण वाईट माणसाची गोष्ट सांगणं सोपं असतं.

गेल्या उन्हाळ्यात सुईणीचं डोकं भरकटायला लागलं. माणसं ओळखायची, पण काळ विसरायची. त्यात समोर इमारतीचं काम निघालेलं, दिवसभर ठोकाठोक. दिवसभर तिला बोलावणी! जरा कुठं ठोकलेलं ऐकू आलं की ही निघाली. एकदा ती सापडली ती थेट चौपदरी रस्त्याच्या मधोमध. येणाऱ्या गाड्यांना हात करून विचारत होती, “गवंड्याचं घर कुठं गेलं रे? त्याच्या बायकोचे दिवस भरलेत.”

गवंड्याचं घर तिच्या पायाखालीच होतं, डांबराच्या खाली. ती वाट चुकलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी छोटूने आजीकुलूप आणलं.

तेव्हापासून बस गेली की मी तिच्या खिडकीशी जायची. कप गजांतून आत जात नाही, म्हणून चहा बाटलीत भरून न्यायची.

“काय गं, जेवलीस का?”

“जेवायला सवड कुठाय? दाराशी माणूस ताटकळलंय. तू जरा दार उघड.”

“किल्ली तुझ्या छोटूकडे.”

“मेला किल्लीशी खेळतोय होय! पोरांच्या हातात कशाला देता किल्ल्या?”

“पोर आता पन्नाशीचं झालंय.”

“मग बसलात काय? लग्नाचं बघा त्याच्या.”

मी हसायची, तीही हसायची. मग हसता हसता तिचे हात गजांवर घट्ट व्हायचे. “अगं, खरंच उघड ना. मी काय केलंय?”

मी चहाची बाटली गजांतून आत सारायची.

एका संध्याकाळी बस यायच्या वेळी मी छोटूच्या दारात जाऊन उभी राहिले. तो बॅग खांद्यावरून काढतोय तोच म्हटलं, “छोट्या, एक किल्ली माझ्याकडे ठेव.”

“कशाला, काकू?”

“आत माणूस आहे म्हणून.”

“तुम्ही दार उघडाल.”

“उघडीनच. किल्ली काय गळ्यात घालायला मागतेय?”

सूनबाई पायरीवर बसून सुजलेले पाय चोळत होती. ती म्हणाली, “काकू, मला हौस आहे का ही? तिथं कामावर बसले तरी निम्मा जीव इथं टांगलेला असतो. निदान रस्त्यावर नाहीत, एवढ्यावर दिवस ढकलते. नोकरी सोडू का मी?”

“तू कशाला सोडशील? गायी विकल्यापासून गोठा रिकामा आहे. तिथं बसेल माझ्यासोबत. दोघी मिळून तुमच्या चहाड्या करू.”

सूनबाईने नवऱ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत मला होकार दिसला. पण छोटूची मान आडवीच हलली.

“नको काकू. लोक म्हणतील, आई शेजाऱ्यांच्या दारात टाकली. तेही गोठ्यात.”

“आणि कोंडून ठेवलीस तर काय म्हणतात?”

तो खालच्या मानेने म्हणाला, “सांभाळतो म्हणतात.”

बघा, दुखणं हे आहे. कुलूप लावलं तर सांभाळली, शेजारी बसवली तर टाकली. असा कसला हा मोठेपणा, जो कडीकुलपात शोभतो आणि उघड्या दारात जातो? मी तेव्हा पुष्कळ बोलले. इथं छापता येणार नाही असंही बोलले. पण किल्ली मिळाली नाही.

पावसाळा सरत आला होता. सगळ्यांनी छत्र्या आवरून ठेवल्या होत्या. त्या दिवशी सकाळपासून आभाळ असं खाली आलं होतं, की इमारतींचे वरचे मजले दिसेनात. बस आली, कुलपं वाजली, बस गेली. आणि मग पाऊस सुरू झाला. तो वाढतही नव्हता, थांबतही नव्हता. नुसता पडत होता, एखाद्याने ठरवून बसावं तसा.

दुपारी मी न्हाणीघरात गेले तर मोरीतून बुडबुडे येत होते. मोरीतून पाणी जातं. त्या दिवशी ते येत होतं. बाहेर येऊन बघितलं तर बसच्या थांब्यापाशी डांबर फुगलं होतं आणि भेगेतून बेडूक बाहेर पडत होते, एकामागून एक, घाई नसल्यासारखे. डोंगराकडचं सगळं पाणी पूर्वी तळ्यात उतरायचं. ते नेहमीच्या वाटेने आलं, तळ्याची जागा त्याने शोधली, वर डांबर बघितलं, आणि आमच्या गल्लीत वळलं. उंच रस्त्यावरून ते खालच्या घरांत उतरायला लागलं. फार आवाज न करता.

मी छोटूला फोन लावला.

“निघतो काकू, लगेच निघतो!” फोनमध्ये त्याच्या हातातला किल्ल्यांचा जुडगा खुळखुळताना मला ऐकू आला.

तो निघालाही. पण पुलाच्या अलीकडे गाड्यांची रांग लागली होती. त्या रांगेत आमच्या गावाच्या सगळ्या किल्ल्या अडकून पडल्या.

मी गल्लीत उतरले. पाणी मांड्यांपर्यंत आलं होतं. दोन्ही बाजूंनी खिडक्यांतून हाका येत होत्या. “मोठी काकू, घरात पाणी आलंय!” “अहो, कुणी आहे का?” वळणावरचे आजोबा टेबलावर चढून खिडकीतून रुमाल हलवत होते, जणू मी बस आहे. सगळ्यांना म्हटलं, उंचावर चढा, जे उंच असेल त्यावर चढा. आणि सुईणीच्या खिडकीशी गेले, कारण गल्लीत सगळ्यात खोल घर तिचं.

ती खाटेवर पाय वर घेऊन बसली होती. खाटेच्या कडेला पाणी लागलं होतं. चेहरा मात्र इतका शांत, की मलाच धीर आला.

“पाणमोट फुटली गं,” ती म्हणाली. “आता वेळ नाही. तू पाणी तापत ठेव आणि स्वच्छ फडकी काढ.”

“ठेवते. तू खाटेवरच बस. खाली उतरायचं नाही, ऐकलंस?”

“मी कशाला उतरू? मला अजून बोलावणं कुठं आलंय?”

मी गोठ्यातून पहार आणली, तोवर पाणी आणखी चढलं होतं. गायींचे खुंटे रोवायची जड पहार. तिच्या दारासमोर छातीएवढ्या पाण्यात उभी राहिले आणि सगळा जोर लावून त्या कुलपावर घाव घातला. दार दणाणलं. कुलूप हललं नाही. मी दुसरा घाव घातला.

आतून आवाज आला, “आले, आले!”

तो आवाज मी ओळखत होते. उभा जन्म तो ऐकला होता. पहार माझ्या हातातून सुटली. “उतरू नकोस! अगं, मी आहे, मी! उतरू नकोस!” मी गळा फाडून ओरडले. पण माझ्या ओरडण्यापेक्षा माझे घाव तिला जास्त कळले होते. पाण्यात काहीतरी उतरल्याचा आवाज झाला. मग चाचपडल्याचा.

ती चपला शोधत होती.

मग तोही आवाज थांबला.

हार्डवेअरवाला कटर घेऊन पोहत-चालत आला. गल्लीत दिवसा उघडं असतं ते त्याचंच एक दुकान. त्याने कटर कुलपाला लावला. कटरचं एक पातं तुटलं. तो माझ्याकडे बघून म्हणाला, “कापत नाही काकू. हे कापत नाही. मीच सगळ्यांना सांगून विकलंय.” आणि ओक्साबोक्शी रडायला लागला. मी त्याला तिथंच एक ठेवून दिली आणि म्हटलं, खिडकीकडे चल. आम्ही दोघांनी पाण्यातून पहार काढली, तिने चौकट खिळखिळी केली, गज उपसले, आत शिरलो. सुईण दाराला टेकून होती. एका पायात चप्पल होती.

संध्याकाळी पाऊस थांबला आणि पाणी आल्या वाटेने गेलं. बाकीची माणसं टेबलांवर, कपाटांवर, माळ्यांवर बसून वाचली. वाचली ती नशिबाने. कुणाच्या सांभाळण्याने नव्हे. बस आली. छोटू चिखलातून धावत आला. खिडकी फोडलेली आहे, आई माझ्या ओट्यावर निजवलेली आहे, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. तो सरळ दाराशी गेला, किल्ली घातली आणि फिरवली. कुलूप पहिल्याच वळशाला उघडलं. किती अलगद उघडलं!

“माझ्या खिशात होती, काकू,” तो म्हणाला. “दिवसभर माझ्या खिशातच होती.”

नंतर गावात सभा झाली. तळ्यावर बोलले, गटारांवर बोलले, ठेकेदाराच्या सात पिढ्या काढल्या. सगळं रास्तच होतं. कुलपाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मी काढला तेव्हा एक टायवाला म्हणाला, “आजी, भावनेच्या भरात बोलू नका. ती रस्त्यावर गाडीखाली आली असती तर?” मी म्हटलं, “बाबा रे, तू तिला फक्त मरायच्या दोन जागा दिल्यास, आत नाहीतर बाहेर. मधली जगायची जागा कुणी शोधलीच नाही.” तो घड्याळ बघायला लागला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बस आली, तशी पुन्हा खट्. खट्. खट्.

त्याच आठवड्यात माझ्यासोबत राहणारा माझा थोरला कामावरून आला तो हातात एक खोका घेऊन. तो टेबलावर ठेवून इकडचं तिकडचं बोलत राहिला. लहानपणी दूध सांडलं की असाच बोलायचा.

“काय आहे रे त्यात?”

“आई, रागावू नकोस. त्या दिवशी तू पाण्यात उतरलीस. तुला काही झालं असतं तर? मला तिकडे कामात लक्ष लागत नाही गं. नुसता पावसाळा संपेपर्यंत.”

मी खोका उघडला. चांगलं होतं कुलूप. वजनदार. मी ते हातात तोलून पाहिलं आणि परत ठेवलं.

“ठेव,” म्हटलं. “जेवून घे.”

त्याला वाटलं, आई म्हातारी झाली, ऐकायला लागली.

सकाळी तो जागा झाला तेव्हा घरात वारा खेळत होता. मी पहारीने दाराचं पान बिजागरीतून सोडवलं होतं आणि गोठ्यात नेऊन विटांवर आडवं टाकलं होतं. बसायला ऐसपैस बाकडं झालं होतं.

“आई! दार काढलंस? अगं, चोर येतील!”

“येऊ देत. दिवसभर तेवढीच सोबत. आता लाव तुझं कुलूप, कुठं लावतोस बघते.”

तो चौकटीत उभा राहिला, हातात ते कुलूप घेऊन, आणि त्याला हसू आवरेना. मग रडूही आवरेना. त्याची बस चुकली. पुष्कळ वर्षांनी चुकली.

मी त्याच दिवशी गल्लीत घरोघरी गेले. म्हटलं, किल्ल्या शहरात जाणार नाहीत. माझ्या गोठ्यातल्या खुंट्या, जिथं गायींची दावी लटकायची, तिथं त्या राहतील. बस गेली की मी दारं उघडीन. ज्याला बसायचंय तो या दारावर येऊन बसेल. ज्याचं डोकं भरकटतं त्याचा हात दुसरा कुणी धरेल. म्हाताऱ्यांना दुसरं काम काय आहे? काहींनी नाक मुरडलं. एकीने विचारलं, “आणि लोक काय म्हणतील?” मी म्हटलं, “मला विचार, मी सांगते काय म्हणतील ते. पण तुला ऐकवणार नाही.”

पहिली किल्ली छोटूने आणून अडकवली. त्या किल्लीचं दार आता उघडंच असतं. “ही इथंच असू दे, काकू,” तो म्हणाला. “माझ्या खिशात नको.” सूनबाई आता उशिराच्या बसने जाते. जायच्या आधी गोठा झाडून जाते. मी सांगितलेलं नाही.

खुंट्यांवर किल्ल्या हळूहळू वाढतायत. वळणावरचे आजोबा रोज येतात आणि माझ्या चहाला नावं ठेवतात. पण पुष्कळ खुंट्या रिकाम्या आहेत, आणि सकाळचा तो आवाज अजून थांबलेला नाही. जिथं अजून आजीकुलूप आहे, त्या घरांशीही मी दुपारी जाते. दार वाजवत नाही. खिडकीशी उभी राहून हळू हाक मारते. कुणाच्या दारावर थाप मारायला माझा हात आता उचलत नाही.

ही गोष्ट पेपरच्या ज्या पुरवणीत छापतायत, ती सुट्टीच्या दिवशी निघते, असं मला सांगितलंय. म्हणजे आज तुम्ही घरी असाल, दारं उघडी असतील, आणि आत कुणीतरी तुमच्यासोबत चहा पीत असेल. उद्या सकाळी बसमध्ये बसलात की एकदा खिशात हात घाला. हाताला लागेल ती किल्ली कुठल्या दाराची, ते तुम्हाला ठाऊक आहे. त्या दाराआड कोण आहे, तेही.

बस सुटली नसेल तर उतरा.